आपला रुसलेला

१

नाणं हरवल्याचं कळलं त्या दिवशी स्टुडिओवाला बायकोचा चष्मा शोधत होता. चष्म्याचं त्याला काही काम नव्हतं. बायको जाऊन काही महिने झाले होते, आणि तिची एकेक वस्तू हातात घ्यायची नि परत होती तिथंच ठेवायची, एवढाच उद्योग त्याच्याकडे उरला होता. खाली स्टुडिओत कुणी ओळखपत्राचा फोटो काढायला आलं की तो उतरायचा, "हनुवटी वर, खांदे सरळ" म्हणायचा, आणि पुन्हा वर येऊन चष्मा शोधायला लागायचा.

फोन नाण्यांच्या पेढीवरून होता. मालक स्वतः बोलत होते.

"स्टुडिओवाले, जरा येऊन जा. बाईंच्या कामाबद्दल आहे."

"तिचं काम आता तिची बहीण बघते ना?"

"हे बहिणीच्या हातचं नाही. बाईंच्याच हातचं आहे. फोनवर नको."

बायको त्या पेढीत नाण्यांचे फोटो काढायची आणि त्यांना नावं लावून नीट ठेवायची. ही साधी नाणी नव्हेत. प्रतवारी संस्था प्रत्येक नाणं तपासते, त्याला गुण देते, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करते आणि वर लेबल लावते. लेबलवर नाण्याचा प्रकार, गुण आणि एक क्रमांक. डबी फोडल्याशिवाय नाणं बाहेर येत नाही, आणि फोडली की लेबलाला काही अर्थ राहत नाही.

फोटोच्या खोलीत स्टुडिओवाला पहिल्यांदाच शिरला. इतकी वर्षं तो दारापर्यंत यायचा, तिला सोडायचा आणि फिरायचा. आत करडं कापड घातलेलं टेबल होतं, वर खाली तोंड करून लावलेला कॅमेरा, दोन बाजूंना दोन दिवे. खुर्चीच्या पाठीवर तिची लोकरी शाल अजून तशीच होती. घरी ती शाल त्यानं किती शोधली होती.

खोलीत चौघंजण होते. मालक, मेहुणी, एक डॉक्टरबाई, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पेढीचा पारखी. त्याच्या एका डोळ्याला सदा भिंग लागलेलं, म्हणून सगळे त्याला भिंगवाला म्हणत. स्टुडिओवाल्यानं त्याच्याकडे बघायचं टाळलं. ही त्याची जुनी सवय होती.

"माझ्या वडिलांची नाणी मी इथं लिलावाला दिली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक सोडून. ते फक्त फोटो काढून परत द्या म्हटलं होतं. राजाचं तोंड असलेलं चांदीचं. बाबा मुलाखतीला जाताना ते खिशात ठेवायचे. आज न्यायला आले तर नाही म्हणतात."

"सगळी कपाटं पालथी घातली," मालक म्हणाले. "त्या क्रमांकाची डबीच नाही. फोटोही नाहीत. आणि शेवटचं ते तुमच्या बाईंच्या हातात होतं."

"किती किमतीचं?"

"किंमत कसली! लेबलवर चक्क 'ओरखडा, गुण नाही' लिहिलंय. गालावर ही एवढी रेघ. बाजारात त्याला कुत्रं विचारणार नाही."

"शेजारी चांगली नाणी होती?"

"एकाहून एक."

"मग चोरानं नेमकं तेच का न्यावं?"

मालकांनी घसा साफ केला. "मंगळवारी लिलाव आहे. तोवर सापडलं नाही तर तक्रार द्यावी लागेल. तक्रारीत शेवटचा हात कुणाचा ते लिहावं लागतं. माझा नाइलाज आहे."

तेवढ्यात भिंगवाला स्टुलावरून उठला.

"माझं नाव लिहा," तो म्हणाला. "मी घेतलं म्हणून लिहा. वहिनींचं नाव कागदावर नको."

२

स्टुडिओवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या बायकोचं नाव राखायचं काम या माणसाला कुणी सांगितलं होतं? नवरा समोर उभा होता, जिवंत, आणि हा मधल्यामध्ये मोठेपणा घेऊन मोकळा.

"कुणाचंच नाव लिहू नका," तो मालकांना म्हणाला. "मंगळवारपर्यंत मी शोधतो."

"तुम्ही? तुम्ही काय पोलीस आहात?"

"फोटोवाला आहे. बघायचं कसं ते मला कळतं."

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच मेहुणीसमोर जाऊन बसला. मेहुणी बायकोहून लहान, अंगानं बारीक आणि जिभेनं त्याहून बारीक. बहिणीच्या जागी ती आली खरी, पण त्या शालीला टेकायचं टाळून खुर्चीच्या कडेवर बसायची.

"विचारा भाऊजी. तुम्हीही म्हणा, 'ताई असती तर हरवलं नसतं.' मालक म्हणतात. झाडूवाली म्हणते. परवा कुरियरवाला म्हणाला. मेल्याला दोन मिनिटं उभं केलं तर म्हणे, ताई असत्या तर एव्हाना सही झाली असती."

"मी नाही म्हणत. फोटो कसे लावतेस ते दाखव."

तिनं कॉम्प्युटरवर दाखवलं. प्रत्येक नाण्याचं एक फोल्डर, त्यावर डबीचा क्रमांक, आत छापा आणि काटा, असे दोन फोटो. सगळं ओळीत, शाळेच्या गणवेशासारखं.

"आधी असं नव्हतं?"

"आधी?" मेहुणी हसली. "तुमच्या बायकोनं नाण्यांना टोपणनावं ठेवली होती. 'हनुवटीवर तीळ'. 'दोन नाकांचा'. 'मुकुट गहाण'. आता सांगा, गिऱ्हाइकानं क्रमांक सांगितला तर मी 'मुकुट गहाण' कुठं शोधू? आल्या आल्या सगळी नावं पुसली आणि क्रमांक घातले. ज्यांचा मेळ बसला नाही ते फोटो काढून टाकले."

"तिनं क्रमांक का नव्हते घातले? वेंधळी तर नव्हती ती."

"म्हणायची, क्रमांक डबीचा असतो, खूण नाण्याची असते. मोठी तत्त्ववेत्ती लागून गेली होती."

बोलता बोलता तिनं खालचा खण ओढून टाचण्या काढल्या. खणात सात-आठ डब्या पडल्या होत्या.

"ह्या काय?"

"बेवारशी. ताईचं टेबल आवरताना निघाल्या. यादीत नाहीत, सोबत चिठ्ठी नाही. कुणाचा नमुना, कुणाचा विसर. त्यात एक तर चांगलं बासष्ट गुणांचं आहे, तरी कुणी हक्क सांगायला येत नाही. मी आपले फोटो काढून ठेवलेत." तिनं खण पायानं बंद केला. "ताईला वेळ कुठं होता आवरायला? ते दोघं बसून नावं ठेवण्यात गुंग. या खोलीतून हसण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा."

"दोघं कोण?"

मेहुणीनं टाचणीची डबी दोनदा उघडली नि मिटली.

"ताई आणि भिंगवाले," ती म्हणाली. "अजून कोण?"

३

घरी ती हसायची नाही असं नाही. पण रस्त्यापर्यंत आवाज जाईल असं हसल्याचं स्टुडिओवाल्याला आठवेना. तो आठवत आठवत घरापर्यंत आला आणि आठवत आठवतच स्टुडिओचं कुलूप काढलं.

स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती पेढीच्या फोटोंची एक प्रत ठेवायची. "तिथलं यंत्र कधी मान टाकेल सांगता येत नाही," म्हणायची. त्यानं ते कधी उघडून बघितलं नव्हतं. तिच्या कामात नाक खुपसायचं नाही हा त्याचा बाणा होता. खरं तर त्या नाण्यांच्या मागे कोण बसलेलं असतं ते त्याला ठाऊक होतं, आणि ते बघायचं नव्हतं.

आता उघडलं. मेहुणीनं पुसलेली सगळी नावं तिथं होती. बायकोची रीतही लगेच कळली. आधी नाणं कुणाचं ते, मग टोपणनाव. 'मालकांचा मुकुट गहाण'. 'वकिलांचा दोन नाकांचा'. 'डॉक्टरबाईंचा तिळवाला'. 'डॉक्टरबाईंचा कानफाट्या'. त्याला एकट्यालाच हसू आलं. मग तो यादीच्या तळाशी पोचला आणि हसू जागच्या जागी थिजलं.

'आपला रुसलेला'.

त्याचा हात माऊसवरून उठला.

शब्द साधा होता. पण बायको शब्दांच्या बाबतीत काटेकोर होती. शेजारणीशी बोलताना ती 'आमचे हे' म्हणायची, 'आमचा स्टुडिओ' म्हणायची. 'आमचा' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. 'आपला' म्हटलं की तो घरात येतो. म्हणजे हे नाव ठेवताना तिच्यासमोर कुणीतरी होतं, आणि त्या कुणाला तरी तिनं आत घेतलं होतं. समोर नवरा नव्हता. नवऱ्यानं हे फोल्डर आज पहिल्यांदा पाहिलं.

मालकांचा, वकिलांचा, डॉक्टरबाईंचा. आणि हा एक, आपला.

नाण्यांमध्ये नाण्याचंच फोल्डर असणार, हे कुणालाही कळलं असतं. पण मत्सराला कान असतात, डोळे नसतात. रुसलेला कोण? कुणाचे फोटो असतील आत? दुपारी एक जोडपं लग्नाच्या अर्जासाठी फोटो काढायला आलं. "जरा जवळ सरका," असं म्हणताना त्याची जीभ अडखळली.

फोल्डर न उघडताच त्यानं कॉम्प्युटर बंद केला. आधी त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, मग बघायचं, असं त्यानं ठरवलं.

४

भिंगवाला खिडकीपाशी बसला होता. स्टुडिओवाल्याला बघून त्यानं भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वण पडला होता, बांगडी दाबून ठेवावी तसा. माणूस पन्नाशीचा, एकटा, शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली. यात काय बघितलं असेल तिनं, असा प्रश्न स्टुडिओवाल्याच्या मनात आला, आणि तिनं काही बघितलं असं आपण धरूनच चाललोय हेही त्याला कळलं.

"तुम्ही नाणं घेतलंत?"

"नाही, दादा."

"मग परवा नाव लिहा का म्हणालात?"

"माझं नाव गेलं तर रडायला कुणी नाही."

"माझ्या बायकोसाठी रडायला मी आहे. तिथं दुसऱ्या माणसाची गरज नाही."

भिंगवाल्यानं भिंग पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

"मला नाण्याबद्दल सांगा," स्टुडिओवाला म्हणाला. "ओरखडा कसा होता?"

"ओरखडा नव्हताच तो." एवढं बोलताना माणूस एकदम जागा झाला. "ओरखडा म्हणजे जखम. नंतर कुणीतरी केलेली. तिथं धातू खोल जातो. पण नाणं ज्या ठशानं पाडतात त्या ठशालाच चीर गेली असेल, तर नाण्यावर रेघ उंच उठते. ती जखम नव्हे, जन्मखूण. जन्मखुणेचे गुण कापत नाहीत. संस्थेच्या माणसानं घाईत बघितलं आणि जखम लिहून टाकली. ओठाच्या कोपऱ्यातून खाली गेलेली रेघ, त्यामुळे राजा रुसल्यासारखा दिसतो. मी दहादा सांगितलं, असू दे, आपलं काय जातं. पण ती कसली हट्टी! म्हणाली, चुकीचं लेबल मी माझ्या फोटोवर लावणार नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

चौघांत 'वहिनी', 'त्या'. आणि आता बोलण्याच्या भरात 'ती'. 'ती कसली हट्टी.' असं तर आपण म्हणायचो, स्टुडिओवाल्याच्या मनात आलं. हा एकेरी शब्द आपल्या घरातला होता.

भिंगवाल्याच्याही ध्यानात आलं. त्याचा चेहरा उतरला.

"मला एवढंच म्हणायचं होतं," तो खाली बघत म्हणाला, "घरी नीट बघितलंत का, दादा? वहिनींच्या सामानात?"

"म्हणजे चोर माझ्या घरात आहे?"

"तसं नाही..."

"तसंच आहे!" स्टुडिओवाला उठला. खुर्ची मागे पडली, ती त्यानं उचलली नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र एक गोष्ट त्याच्या डोक्यात खिळ्यासारखी रुतून बसली. भिंगवाल्यानं सांगितलेला राजा रुसलेला होता.

५

त्यानं फोल्डर उघडलं.

आत माणूस नव्हता. एक नाणं होतं. त्याच एका नाण्याचे फोटो, ओळीनं, पडदा भरून. राजाचं तोंड, ओठापासून हनुवटीखाली उतरलेली रेघ, आणि वरच्या लेबलवर 'ओरखडा, गुण नाही'. हरवलेलं नाणं. त्याचा श्वास मोकळा झाला, आणि पुढच्याच क्षणी त्याला स्वतःचा राग आला. मग तो फोटोवाल्याच्या नजरेनं बघायला लागला.

पहिल्या फोटोत उजेड डावीकडून होता, दुसऱ्यात वरून, तिसऱ्यात उजवीकडून, चौथ्यात खालून. बायकोला काय दाखवायचं होतं ते त्याला लगेच कळलं. नुसत्या रेघेकडे बघून ती खोल आहे की उंच हे सांगता येत नाही, डोळा फसतो. पण राजाचं नाक उंच आहे याबद्दल तर वाद नाही. प्रत्येक फोटोत नाकाची सावली ज्या बाजूला पडली होती, रेघेची सावली त्याच बाजूला पडली होती. रेघ उंचच होती. जन्मखूण. तिचं म्हणणं बरोबर होतं.

दिवा हलवायला मात्र दुसरा हात लागला होता. प्लास्टिकच्या कडेला, फोटोच्या कोपऱ्यात, कॉलर उलटवून शिवलेला एक शर्ट अंधुक दिसत होता.

तो पुढे सरकला. शेवटचे तीन फोटो वेगळे होते. तेच नाणं, तीच रेघ, पण करड्या कापडाऐवजी चौकटीचं टेबलक्लॉथ, बाजूला चहाच्या कपाची बशी. पेढीत असलं टेबल नव्हतं. फोटो फक्त राजाच्या तोंडाचे, जवळून घेतलेले. लेबल चौकटीबाहेर राहिलं होतं.

त्यानं आधीचा फोटो शेजारी लावला. आधीच्या सगळ्या फोटोंत डबीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला टवका उडाला होता. या तीन फोटोंत तो कोपरा धड होता.

तो खुर्चीत मागे रेलला. तुटलेलं प्लास्टिक सांधत नाही. नाणं तेच, पण डबी दुसरी. आणि दुसऱ्या डबीत नाणं घालून बंद करणारी जागा एकच, प्रतवारी संस्था. नवी डबी म्हणजे नवं लेबल. नवं लेबल म्हणजे नवा क्रमांक. 'क्रमांक डबीचा असतो, खूण नाण्याची असते.'

सगळे जो क्रमांक शोधत होते, तो आता जगातच नव्हता.

मग त्याचं लक्ष त्या तीन फोटोंच्या तारखेकडे गेलं. तो दिवस त्याला पक्का आठवत होता. ती सकाळीच निघाली होती, दिवे लागल्यावर परतली होती. धाकटीला ताप आहे, तिच्यापाशी बसते, असं सांगून गेली होती.

त्यानं मेहुणीला फोन लावला. "त्या दिवशी तुला ताप होता का गं? ताई तुझ्याकडे होती?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"भाऊजी," मेहुणी म्हणाली, "आता गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढता?"

६

सोमवारी सगळे पुन्हा त्याच खोलीत जमले. मालक घड्याळाकडे बघत होते. डॉक्टरबाई दवाखान्यातून तशाच आल्या होत्या.

"सापडलं?" मालकांनी विचारलं.

"हरवलंच नव्हतं," स्टुडिओवाला म्हणाला. "धाकटे, तुझा बेवारशी खण उघड. बासष्ट गुणांचं काढ."

मेहुणीनं डबी टेबलावर ठेवली. स्टुडिओवाल्यानं एक दिवा डावीकडे सरकवला.

"डॉक्टरबाई, बघा. ओठापासून रेघ."

डॉक्टरबाई वाकल्या, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "हेच. बाबांचं हेच. पण लेबल..."

"लेबल बदललंय. माझ्या बायकोचं म्हणणं होतं की हा ओरखडा नाही. नाणं परत तपासून घेतलं, संस्थेला ते पटलं. जुनी डबी फोडली, नवी दिली. त्यामुळे यादीत एक नाणं कमी झालं आणि इथं एक जास्त. एकाच नाण्याची दोन नाणी झाली, एक हरवलेलं आणि एक बेवारशी. ती असती तर दोन शब्दांत सांगितलं असतं. पण त्यानंतर आठच दिवसांत..." तो थांबला. "टोपणनावावर राहिलं असतं तर सापडलं असतं. क्रमांकावर गेलं आणि हरवलं."

"काखेत कळसा!" मालकांनी कपाळावर हात मारला. मग त्यांचा आवाज चढला. "पण मला न विचारता, गिऱ्हाइकाचं नाणं, पेढीच्या नावावर? बाईंना संस्थेत कोण ओळखतं? पारख्याची सही लागते तिथं!"

"सही माझी आहे," भिंगवाला म्हणाला. "आम्ही दोघं गेलो होतो. सकाळच्या गाडीनं. तिथं सकाळी दिलं की संध्याकाळी मिळतं. नाणं वहिनींनी पर्समध्ये ठेवलं. उद्या मालकांना सांगू म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत."

"आणि तुम्ही इतके दिवस गप्प?"

भिंगवाला मालकांशी नाही, स्टुडिओवाल्याशी बोलला. "मला वाटलं, तुमच्या घरी असेल. कोणत्या तोंडानं मागायला येणार होतो? 'तुमची बायको माझ्याबरोबर परगावी आली होती, तिच्या पर्समध्ये बघा'? त्या म्हणाल्या होत्या, 'घरी कळायला नको. हे भांडणार नाहीत. पण आठवडाभर भाजीत मीठ आहे की नाही तेसुद्धा सांगणार नाहीत.' चोर म्हणवून घेणं मला सोपं वाटलं."

म्हणजे गाडीतून उतरल्यावर ती एकटी पेढीवर येऊन डबी आपल्या टेबलात ठेवून गेली होती, आणि मगच घरी आली होती. स्टुडिओवाल्याला वाटलं, आपल्या जेवायच्या टेबलावर हा माणूस कितीतरी वर्षं न दिसता बसलेला होता.

"फोटो कुणी पुसले?" मालकांनी विचारलं.

"मेळ बसला नाही म्हणून पुसले," स्टुडिओवालाच चटकन म्हणाला. "चूक झाली."

मेहुणीनं त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

७

मालकांनी भिंगवाल्याला सगळ्यांसमोर झाडला, पण ठेवून घेतला. डॉक्टरबाईंनी नाणं पर्समध्ये न ठेवता मुठीत धरून नेलं. तक्रार लिहिली गेली नाही.

सगळे गेल्यावर मेहुणी म्हणाली, "माझ्यावर पांघरूण का घातलंत? मेळ बसला नाही म्हणून नाही पुसले. 'आपला' वाचलं म्हणून पुसले."

"माहीत आहे."

"मला कधी कुणी आपलं म्हटलं नाही, भाऊजी. ताईला भेटायच्या निमित्तानं मी इथं कुणासाठी यायचे ते तिला कळलं होतं. ती हसून म्हणाली, 'विचारून बघ भिंगवाल्यांना.' मी विचारलं नाही. ते बारा महिने तिचीच वाट बघत बसायचे. ती तुमची वाट बघायची, पाच वाजले की खिडकीत. तुम्ही सकाळी दारातूनच परत, न्यायला कधी नाहीच. राग काय तुम्हाला एकट्यालाच येत होता?"

त्यानं शाल उचलली, घडी घातली, आणि परत खुर्चीवर ठेवली.

"रुसलेला हे नाव तिनंच ठेवलं," मेहुणी पुढे म्हणाली. "मी दाराबाहेर होते. म्हणाली, 'बघा, अगदी आमचे हे. मी कामावर निघाले की असंच तोंड होतं.' मग दोघंही हसत सुटले."

स्टुडिओवाल्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तोंड त्याचं होतं. हसणारी दोघं होती.

आता रविवारी तो पेढीत येतो. मेहुणी क्रमांक वाचते, तो घरच्या प्रतीतून टोपणनाव सांगतो, आणि दोन्ही नावं शेजारी शेजारी लावून फोटो परत मांडले जातात. मुकुट गहाण आला, दोन नाकांचा आला, तिळवाला आला. खिडकीपाशी भिंगवाला आपलं काम करत असतो. कधी मान वर करून "तो कानफाट्या, तो" एवढंच म्हणतो. मेहुणी चहा तीन कप आणते.

रुसलेल्याचे फोटोही लागले. एक सोडून.

त्या फोटोत उजेड जरा चुकला आहे. डबीच्या प्लास्टिकवर, राजाच्या तोंडावर, बायकोचा चेहरा उमटला आहे. चष्मा कपाळावर सरकवलेला. ती हसते आहे, तोंडभर, रस्त्यापर्यंत आवाज जाईल असं. बघते आहे ती कॅमेऱ्याकडे नाही. दिवा धरणाऱ्याकडे बघते आहे.

ती त्या माणसाकडे बघून हसत होती की त्या माणसाजवळ नवऱ्याला हसत होती, ते सांगू शकणारा एकच जण आहे आणि तो चार हातांवर बसतो. त्याला अजून विचारलेलं नाही. त्या फोटोला नाव द्यायचंही राहिलं आहे.